रेशीमकिड्यांचा शेवटचा सीझन

मी अमेरिकेतल्या एका छोट्या सॉकर क्लबची सपोर्टर आहे हे ब्रिटनमधल्या कार्डिफच्या माझ्या ऑफिसात कळलं, तेव्हा सगळ्यांना हसू आलं. ऑफिस म्हणजे हॉस्पिटलचा अपॉइंटमेंट विभाग. दिवसभर हेडसेट लावून लोकांना तारखा द्यायच्या आणि तारीख फार लांबची आहे म्हणून त्यांची बोलणी खायची. माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई पक्की फुटबॉलवाली. तिने विचारलं, "कुठल्या डिव्हिजनमध्ये आहे तुझा क्लब?"

"चौथ्या."

"वर जायचा काही चान्स?"

मी तिला सांगितलं की तिथे वर-खाली जाणं हा प्रकारच नसतो. सगळ्या मॅचेस जिंका, पुढच्या वर्षी तिथेच. सगळ्या हरा, तरी तिथेच.

"मग खेळतात कशाला?" तिने अगदी मनापासून विचारलं.

कितीतरी उन्हाळे मी त्या क्लबची तिकिटं फाडली, जर्सी धुतल्या, पण हा प्रश्न तिथे कोणी विचारलेला मला आठवत नाही.

आम्ही पुण्याचे. नवऱ्याला कंपनीने पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात पाठवलं आणि मी बँकेतली नोकरी सोडून त्याच्याबरोबर गेले. माझा व्हिसा डिपेंडंटचा. देशात राहायची परवानगी होती, काम करायची नव्हती. आम्हाला मूल नाही. नवरा सकाळी गाडी घेऊन गेला की मी आणि घर. बस नाही, फुटपाथ नाही, समोरच्या घरात राहतं कोण तेही माहीत नाही. पहिल्या हिवाळ्यात मी आईला फोनवर सांगायचे, "मस्त चाललंय." मग फोन ठेवून खिडकीतून बर्फ काढणारी गाडी येते का ते बघत बसायचे, कारण त्या गाडीचा ड्रायव्हर हात करायचा.

क्लब माझ्या आयुष्यात आला तो दाढेमुळे. गावात एकच डेंटिस्ट होता. माझ्या तोंडात कापूस कोंबून झाल्यावर त्याने विचारलं, "तुमच्याकडे एखादी खोली रिकामी आहे का?" मी मान हलवली. खरं म्हणजे मला नेमकं काय विचारलंय तेच कळलं नव्हतं. मशीन चालू करता करता त्याने पुढचं सगळं सांगून टाकलं. गावाची एक सॉकर टीम आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत निरनिराळ्या देशांतली कॉलेजची मुलं खेळायला येतात. त्यांना राहायला घरं लागतात. पगार कोणालाच नाही. मी बाहेर पडले तेव्हा अर्धा चेहरा बधिर होता आणि मे महिन्यापासून आमच्याकडे एक खेळाडू राहायला येणार होता.

"तू हो म्हणालीस?" नवऱ्याने विचारलं.

"नाही म्हणता येत नव्हतं. तोंडात कापूस होता."

तो हसला. म्हणाला, "येऊ दे. तुला सोबत होईल."

क्लबचं टोपणनाव 'रेशीमकिडे'. मॅचच्या दिवशी एक माणूस हिरव्यागार अळीचा पोशाख घालून मैदानाभोवती लोळायचा आणि पोरं त्याच्या अंगावर उड्या मारायची. पुण्याला फोनवर मी सांगायचे, "आज किड्यांची मॅच आहे." आईला वाटायचं, घरात झुरळं झालीत.

या नावामागची गोष्ट मला तिकिटाच्या खिडकीत कळली. तिथे माझ्याबरोबर एक निवृत्त पोस्टमन बसायचे. उंच, थोडे वाकलेले, कायम चॉकलेटी स्वेटर. प्रेक्षक येऊन येऊन किती येणार? त्यामुळे आम्हाला गप्पांना वेळच वेळ. ते म्हणाले, नदीकाठी जी मोठी विटांची इमारत पडून आहे ती रेशमाची गिरणी होती. त्यांच्या आजोबांच्या काळात स्कॉटलंडमधून, वेल्समधून, हंगेरीतून विणकर आणि मेकॅनिक आले. एकमेकांची भाषा कोणालाच येत नव्हती. गिरणीच्या मागे राखेचा ढीग सपाट करून त्यांनी मैदान केलं आणि पाळी संपली की खेळायला लागले. पडलं की गुडघ्यात राख जायची आणि ती निळी खूण जन्मभर राहायची. "माझ्या आजोबांच्या दोन्ही गुडघ्यांवर होती," पोस्टमन म्हणाले. "आमच्या चर्चमध्ये म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांवरून ओळखायचे, कोण टीममध्ये होता ते."

पलीकडच्या गावातल्या सिमेंट कारखान्याच्या टीमशी त्यांचं हाडवैर. एकदा मॅच इतकी पेटली की रेफरीला गिरणीच्या बॉयलर रूममध्ये लपवावं लागलं. मग नायलॉन आलं, गिरणी बंद पडली, तरुण माणसं कामासाठी दुसरीकडे गेली. क्लब कोणी बंद केला नाही. एका वर्षी खेळायला पुरेशी माणसं जमली नाहीत आणि त्याच्या पुढच्या वर्षी कोणी जमवायला गेलं नाही. एक चषक तेवढा फायर स्टेशनच्या कपाटात राहिला. तो डेंटिस्टला सापडला. त्याचे आजोबाही विणकर, राखेच्या मैदानावरचे फुलबॅक. त्याने चषक पॉलिश करून आपल्या वेटिंग रूममध्ये ठेवला, आणि येईल त्याला पकडून पकडून टीम पुन्हा उभी केली. मैदान मात्र आता शाळेचं होतं. त्यावर त्यांच्या त्या दुसऱ्या, बॉल हातात घेऊन पळायच्या फुटबॉलच्या रेघा आखलेल्या असायच्या, त्यामुळे पेनल्टी एरिया नेमका कुठला ते नवीन माणसाला समजायचं नाही.

तिसऱ्या की चौथ्या उन्हाळ्यात आमच्याकडे गोलकीपर आला. वेल्सचा, कार्डिफच्या वरच्या डोंगरांतल्या एका गावचा. अमेरिकेतल्याच एका कॉलेजात स्कॉलरशिपवर शिकत होता. दारातून आत येताना त्याने डोकं वाकवलं, दार पुरेसं उंच असूनही. मी त्याला सांगितलं, "मला काकू म्हण." तो 'काक्यू' म्हणायचा. बेसमेंटमध्ये राहायचा आणि गोलकीपरचे ग्लोव्हज किती घाण वास मारू शकतात याचं शिक्षण त्याने आम्हाला दिलं. मी ते बादलीत भिजत घालायचे. तो रोज म्हणायचा, "प्लीज नको, नशीब धुऊन जाईल." मी रोज धुवायचे.

त्या जुलैमध्ये वेल्सला त्याची आजी वारली. तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. संध्याकाळी मॅच होती. तो खेळला, हरला आणि घरी येऊन आमच्या पायऱ्यांवर बसून राहिला. मी जेवायला हाक मारायला गेले तर नवरा म्हणाला, "थांब, मी त्याला जरा चक्कर मारून आणतो." माझा नवरा मितभाषी. मॅचला यायचा तोही माझ्यासाठी, आणि अर्धा वेळ पार्किंगमध्ये गाड्या लावून द्यायचं काम करायचा. त्या दिवशी दोघं बऱ्याच उशिरा परतले.

"कुठे गेला होतात?"

"नदीवर. आइस्क्रीम खाल्लं," नवरा म्हणाला आणि किल्ल्या खुंटीला अडकवल्या.

ऑगस्टमध्ये गोलकीपर कॉलेजला परत गेला. दर उन्हाळ्यात हे व्हायचं, एक मुलगा यायचा आणि जायचा, पण त्याच्या वेळी मी बेसमेंटची चादर बरेच दिवस बदलली नाही.

काही वर्षांनी नवऱ्याने सांगितलं की कंपनी आपल्याला कार्डिफला हलवतेय. निरोप द्यायला सगळा क्लब आमच्या अंगणात जमला. पोस्टमननी मला तिकिटांचं एक कोरं बंडल दिलं. विमानात मी रडले. नवऱ्याने माझा हात धरून ठेवला होता, पण तो खिडकीबाहेर बघत होता.

कार्डिफ मला आवडायला वेळ लागला. आता नोकरी करायची परवानगी होती आणि ती मिळालीही, पण ऑफिस सुटलं की बसमध्ये बसून मी क्लबचे फोटो बघायचे. उलट नवरा इथे आल्यावर बोलायला लागला. शेजारच्या म्हाताऱ्या वेल्श माणसाशी भिंतीवरून कचऱ्याची कुठली बिन कुठल्या आठवड्यात बाहेर ठेवायची यावर चर्चा. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीला पुढे. रविवारी समुद्राच्या बांधावर लांब फिरायला, येताना रस्त्यात भेटलेल्या कोणाची तरी हकीकत. मला वाटलं वय झाल्यावर माणूस बदलतो. गोलकीपरला शोधू या, असं आम्ही अनेकदा म्हणालो. तो तेव्हा दुसरीकडेच कुठे तरी होता, आणि मग ते राहून गेलं.

मग एका सकाळी चहा ठेवून मी हाक मारली आणि तो उठला नाही. हार्ट. डॉक्टर म्हणाले, त्याला काही कळलंही नसेल. मंडळातल्या लोकांनी सगळं केलं. पुण्याहून दीर आले आणि गेले. शेजारचे आजोबा पुढचे कित्येक आठवडे माझी बिन बाहेर ठेवत होते.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून मी क्लबच्या मॅचेस लॅपटॉपवर बघायला लागले. शनिवारी तिथे दुपार असते तेव्हा इथे संध्याकाळ. स्टँडच्या वर एकच कॅमेरा बसवलेला. तो हळूहळू डावीकडे वळायचा, हळूहळू उजवीकडे, आणि बॉल बहुतेक वेळा दुसरीकडेच असायचा. मला चालायचं. कॅमेरा अगदी डाव्या टोकाला गेला की तिकिटाची खिडकी अर्धी दिसायची. पोस्टमन आता नव्हते. त्यांच्या जागी एक जाड काचांचा चष्मा लावणारी बाई बसायची. खेळाडू सगळे अनोळखी. अळी तीच. मी एकटीसाठी भात टाकायचे आणि ताट घेऊन स्क्रीनसमोर बसायचे. गोल झाला की माझ्या तोंडून ओरडा निघायचा, आणि मग घर जास्तच गप्प वाटायचं.

गेल्या वर्षी क्लबच्या पेजवर बातमी आली. शाळेला उन्हाळ्यात मैदान दुसऱ्या कामाला हवंय. डेंटिस्ट थकला होता, त्याची जागा घ्यायला कोणी पुढे येत नव्हतं. हा सीझन शेवटचा.

शेवटच्या मॅचच्या दिवशी इथे छान ऊन होतं. गल्लीतले लोक पुढच्या दारात खुर्च्या टाकून बसले होते. मी पडदे ओढून आत बसले. मॅच सिमेंटवाल्या गावाशी होती, पण त्यांचा कारखानाही केव्हाच गेलेला, त्यामुळे वैर असं काही उरलं नव्हतं. एक-एक बरोबरीत सुटली. डेंटिस्ट माइकवर काही तरी बोलला, वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही. सगळ्यांनी मैदानात येऊन फोटो काढले. हळूहळू लोक गेले. आवाज बंद झाला.

कॅमेरा मात्र चालूच राहिला, कोणी तरी बंद करायला विसरलं असणार. तो सवयीने डावीकडे वळत होता, उजवीकडे वळत होता. रिकामं मैदान. मग दोन माणसं आली आणि त्यांनी गोलची जाळी सोडवली. दोघांनी दोन टोकं धरून तिची चादरीसारखी घडी केली, जवळ येऊन टोकाला टोक लावलं, परत मागे गेले. अळीवाला डोक्याचा भाग काखेत धरून चालत गेला. नंतर कोणी आलं नाही. पक्ष्यांची सावली गवतावरून जायची तेवढीच. माझं ताट वाळून गेलं. स्क्रीन काळी झाली तेव्हाच मी उठले.

दुसऱ्या दिवशी पेजवर जुन्या लोकांनी आठवणी लिहिल्या होत्या. त्यात एक होती: मी एका उन्हाळ्यात इथे गोलकीपर होतो. माझी काक्यू माझे ग्लोव्हज धुवायची.

मी तिथेच लिहिलं, "काकू कार्डिफमध्ये आहे."

तासाभरात त्याचा फोन आला. तो आता आपल्या गावी परत आला होता, शाळेत स्पोर्ट्स शिकवत होता. पुढच्या शनिवारी मी ट्रेनने गेले. स्टेशनवर तो उभा होता, केस विरळ झालेले, पोट थोडं सुटलेलं. मिठी मारताना त्याने तसंच डोकं वाकवलं. "काका?" त्याने विचारलं. त्याला माहीत नव्हतं. स्टेशनबाहेरच्या बाकावर बसून मी त्याला सांगितलं. त्याने माझी पिशवी उचलून आपल्या खांद्याला लावली.

मग त्याच्या घराजवळच्या कॅफेत गेलो. क्लबच्या गप्पा झाल्या, अळीच्या, रेघांच्या. मी म्हणाले, "किती छान वर्षं होती ना ती. आम्ही दोघं तिथेच राहिलो असतो तर..."

त्याने कप खाली ठेवला. "काक्यू, आजी गेली त्या संध्याकाळी काका मला नदीवर घेऊन गेले होते, आठवतंय?"

"आइस्क्रीम खायला."

"दुकान बंद होतं. आम्ही गिरणीपाशी गाडीत बसलो होतो. मी रडत होतो, आणि काही तरी बोलायला हवं म्हणून असेल, ते त्यांचं सांगायला लागले." तो थांबला. "सांगू का? ते म्हणाले होते, तुझ्या काकूला सांगू नकोस."

"सांग."

"म्हणाले, ऑफिसात दिवसदिवस कोणी त्यांच्याशी कामाशिवाय बोलत नाही. संध्याकाळी घरापाशी आले की ते थोडा वेळ गाडीतच बसतात. चेहरा नीट झाला की आत जातात. मी म्हटलं, मग परत का जात नाही? तर म्हणाले, तिला आत्ता कुठे इथे माणसं मिळालीत."

तो घाईघाईने पुढे सांगू लागला, जणू थांबला तर सांगता येणार नव्हतं. "मग मला विचारलं, तुझं गाव कसं आहे? मी म्हटलं, गाव लहान आहे, पण खाली कार्डिफ आहे. समुद्र आहे. बसस्टॉपवर लोक उगीचच बोलतात. नंतरही त्यांनी एकदोनदा फोन केला होता, कार्डिफबद्दल विचारायला. कंपनीचं ऑफिस इथे आहे म्हणाले, बदली मागून बघतो."

"कंपनीने हलवलं," मी म्हणाले. "मला तसंच सांगितलं होतं."

"हो," तो म्हणाला. "असेल तसंही."

माझ्यासाठी त्याने दुसरा चहा मागवला. मी तो प्यायले. मला नवऱ्याचा राग आला होता. तो समोर असता तर मी भांडले असते, सांगायचं होतंस, मी काय ऐकलं नसतं? आणि त्याच वेळी मला ती गाडी दिसत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ड्राइव्हवेमध्ये इंजिन बंद झाल्याचा आवाज यायचा आणि दार उघडायला वेळ लागायचा. मला वाटायचं, रेडिओवरच्या बातम्या संपायची वाट बघत असेल. तिथे मी माणसांत होते तेव्हा तो एकटा होता. इथे तो माणसांत आला तेव्हा मी बसमध्ये बसून फोनवर तिकडचे फोटो बघत होते. एकाच घरात आम्ही आळीपाळीने एकटे राहिलो, आणि दोघांनीही एकमेकांना चेहरा नीट करूनच दाखवला.

ट्रेनपर्यंत सोडायला आला तेव्हा गोलकीपरने विचारलं, "मी सांगायला नको होतं का?"

"बरं झालं सांगितलंस," मी म्हणाले. ते खरं होतं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं, मला माहीत होता तो नवराच बरा होता. कधी वाटतं, हा दुसरा मला भेटलाच नाही, आणि मग त्याच्यासाठी नव्याने रडू येतं.

सप्टेंबरमध्ये गोलकीपरने मेसेज केला. तो त्यांच्या गावातल्या मुलींच्या टीमला शिकवतो, शनिवारी सकाळी मॅच असते, ये. मी गेले. नंतरही जात राहिले, दर आठवड्याला नाही, पण जमेल तेव्हा. डोंगराच्या कुशीत एक उतरतं मैदान आहे. बॉल एका बाजूला आपोआप घरंगळतो, त्यामुळे हाफटाइमनंतर टीमचं नशीब बदलतं. पलीकडे मेंढ्या चरतात. स्टँड नाही, तिकीट नाही, कडेला आईबाप कॉफीचे फ्लास्क घेऊन उभे असतात. मी टोकाला उभी राहते. गोलकीपर कधी मैदानातून हात करतो, पण तो कामात असतो.

मागच्या शनिवारी बारीक पाऊस लागला होता. लाल टोपी घातलेली एक बाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. बराच वेळ आम्ही दोघी मॅच बघत होतो. मग तिने विचारलं, "यातली तुमची कोणती?"

"कोणीच नाही," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ती पुढचं विचारेल आणि मला सगळं सांगावं लागेल, किंवा ती थोडी लांब सरकून उभी राहील. तिने दोन्हींतलं काही केलं नाही. "माझी ती सात नंबरची," ती म्हणाली, "आज तिच्या पायात बॉलच टिकत नाहीये." आणि पुन्हा मैदानाकडे बघायला लागली. सात नंबरच्या मुलीने बॉल उताराकडे मारला आणि तो कुंपणाखालून मेंढ्यांत गेला. मॅच थांबली. कोणी तरी बॉल आणायला धावलं, आणि आम्ही सगळे पावसात वाट बघत उभे राहिलो.